रोजच्या वाटेला किती घोडे?

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईला लोक लग्नाच्या पंगतीतही सोडत नाहीत. मागे पालीला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारी नवऱ्यामुलाचे मामा. मी जिलबीचा पहिला तुकडा तोडते न तोडते तोच त्यांनी विचारलं, "मॅडम, एक गाडी नव्वद बीएचपीची बघितलीय आणि एक दीडशेची. कुठली घेऊ?"

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"म्हणजे काय, मीच."

"रोज?"

मामा जरा घुटमळले. "रोज म्हणजे... मी असतो मुंबईला. इकडे घरी मिसेस. पोरांचे क्लास, बाजार, आईचा दवाखाना, सगळं तीच बघते."

"मग मला कशाला विचारताय? त्यांना विचारा."

मामांनी वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागितला आणि विषय तिथेच बुडवला.

मी रत्नागिरीत गाडी शिकवते. साळवी स्टॉपच्या अलीकडे आमचं स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात दोन गाड्या. सुरुवात केली तेव्हा बाई गाडी शिकवते म्हणून लोक गाडीपेक्षा मलाच बघायला यायचे. आता माझ्याकडे शिकलेल्या मुलींच्या मुली शिकायला येतात. रोजच्या फेऱ्या मी कमी केल्यात. इतरांनी हात टेकलेली गिऱ्हाइकं तेवढी माझ्या वाट्याला येतात, आणि ती मला आवडतात.

आमचं गाव अर्धं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आणि अर्धं खाली समुद्राला टेकलेलं. भाजी आणायची तरी एक उतार आणि एक चढ. सरळ सपाट रस्ता हवा असेल तर विमानतळावर जावं लागेल. त्यामुळे गाडीत किती घोडे हवेत हा प्रश्न आमच्याकडे गप्पांचा नाही, गुडघ्याचा आहे. क्लचवर ज्याचा गुडघा दुखतो त्याला विचारावं.

माझं उत्तर मी आधीच सांगून टाकते. रोज चालवायच्या लहान गाडीला, आमच्या चढउतारांत, चारपाच माणसं धरून, ऐंशी ते शंभर घोडे पुष्कळ झाले. हे मी बेधडक सांगते, कारण दोन्ही टोकं मी डाव्या सीटवर बसून पाहिली आहेत.

घोडे म्हणजे बीएचपी, इंजिनाची ताकद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माहितीपत्रकात छापलेली ताकद ही इंजिन जीव खाऊन पळत असतानाची असते. घाटी चढताना, पुढे रिक्षा आणि मागे एसटी असताना आपण ते इंजिन तेवढं कधीच पळवत नाही. तेव्हा कामी येतो तो खालचा रेटा. त्याला टॉर्क म्हणतात. गाडी हळू असताना हा रेटा लगेच, पण सावकाश वाढत मिळाला पाहिजे. दुसरी गोष्ट वजनाची. दोन टनांच्या गाडीतले एकशे नव्वद घोडे आणि टनभरही नसलेल्या गाडीतले ऐंशीपंच्याऐंशी घोडे घेतले, तर एकेका घोड्याच्या वाट्याला ओझं साधारण सारखंच येतं. फरक एवढाच, की थांबवताना, वळवताना आणि बोळात घालताना पहिली गाडी दुपटीने मोठी असते.

आधी कमी घोड्यांची गोष्ट सांगते. माझे मोठे दीर अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचे. त्यांच्याकडे चाळीसही घोडे नसलेली एक इवलीशी गाडी होती आणि तिचं त्यांना भारी कौतुक. "शुभा, ही बकरी आहे बकरी. कुठेही चढते," म्हणायचे. आणि खरंच, एकटे असले की ते कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन यायचे, गाडीची काही तक्रार नसायची. एकदा कराडातच घरचं लग्न निघालं. त्या बकरीत आम्ही पाच मोठी माणसं बसलो आणि मागे रुखवताचे डबे. उन्हाळा म्हणून एसी लावलेला. घाटात पुढे एक मळीचा टँकर रांगत होता. भाऊजी बराच वेळ त्याच्या मागे राहिले, मग एक सरळ तुकडा दिसला तसे बाहेर निघाले. निम्म्या टँकरपर्यंत गाडी गेली आणि तिथेच टँकरच्या बरोबरीने चालायला लागली. पुढे सरकेना. वरच्या वळणावरून एक बस उतरताना दिसली.

"शुभा, एसी बंद कर! एसी!" भाऊजी ओरडले. मी बंद केला. गाडी हातभर पुढे गेली असेल नसेल. वाचवलं ते टँकरवाल्याने. त्याने बस पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबून आम्हाला पुढे घेतलं. वर पोचल्यावर भाऊजींनी गाडी चहाच्या टपरीपाशी लावली, रुखवतातला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला आणि टँकर येईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. डबा त्याच्या हातात दिला. कराडला रुखवत मांडताना लाडवांची जागा तेवढी रिकामी राहिली.

म्हणजे घोडे कमी असूनही चालत नाही. ओझं आणि चढ दोन्ही एकत्र आले की हाताशी थोडी शिल्लक ताकद हवीच. पण ही शिल्लक किती असावी, हे मला नसीमाने शिकवलं.

नसीमाचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीकाठच्या एका वाडीत. नवरा इक्बालभाई मालवाहू बोटीवर इंजिनीअर. त्यांच्या बोटीचं इंजिन तीन मजली घराएवढं, त्यातल्या घोड्यांचा आकडा पाच अंकी. वर्षातले बरेच महिने ते पाण्यावर. घरी नसीमा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासू. सासूला सगळी वाडी अम्मी म्हणायची, म्हणून मीही अम्मीच म्हणायला लागले. अम्मींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिस. ते चुकवून चालत नाही. एक फेरी हुकली की पाय सुजतात, श्वास लागतो.

त्यांना नेणारा रिक्षावाला मुलाकडे मुंबईला निघून गेला. दुसरा कोणी त्या वाटेने नेमाने खाली यायला तयार होईना, दर फेरीला कुणाची तरी विनवणी करावी लागे. कारण घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे जेमतेम एक गाडी, चढ असा की चालतानाही माणूस कंबरेवर हात ठेवतो, आणि बरोबर मध्यावर काटकोनात वळण. वळणाच्या खालच्या अंगाला शेजाऱ्याची पोफळीची बाग, चांगली पुरुषभर खोल.

इक्बालभाई रजेवर आले तेव्हा त्यांनी यावर आपल्या परीने इलाज केला. त्यांनी एक मोठी डिझेल गाडी आणून दारात उभी केली. ऑटोमॅटिक, सात सीट, दोनशेला थोडेच कमी घोडे. नसीमाला माझ्याकडे शिकायला पाठवलं आणि स्वतः बोटीवर निघून गेले.

नसीमा शिकली, आणि छान शिकली. काही जणींचं डोकं आधी शिकतं, काहींचे हात. हिचे पाय शिकले. माझ्या स्कूलची गाडी सदुसष्ट घोड्यांची. चढावर ती उभी करायची आणि हँडब्रेक न लावता नुसत्या क्लचवर तोलून धरायची, हा माझा शेवटचा धडा असतो. नसीमा तो पहिल्या आठवड्यातच करायला लागली. लायसन्स मिळालं त्या दिवशी तिने मला घरी जेवायला बोलावलं. अम्मींनी स्वतःच्या हाताने तांदळाची भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "बाई, आता मला कुणाच्या दारात उभं रवायला नको."

त्यानंतरच्या पहिल्याच डायलिसिसला नसीमा मोठी गाडी घेऊन निघाली. मी बरोबर नव्हते. काय झालं ते तिनेच मला सांगितलं. वळणापर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर गाडी अंग चोरून जवळजवळ थांबली. तिने पाय थोडा दाबला, गाडीने ऐकलं नाही. आणखी दाबला. टर्बोच्या इंजिनाची ही खोड असते. आधी क्षणभर विचार करतं आणि मग सगळे घोडे एकदम सुटतात. सुटले. गाडीने झेप घेतली, डावा आरसा गडग्यावर फुटला, नसीमाने ब्रेक मारला तेव्हा पुढचं उजवं चाक पोफळीच्या बागेच्या काठावरचे दोन चिरे ढकलून थांबलं होतं. मागे अम्मी. कुणाला खरचटलंही नाही. वाडीतल्या चार माणसांनी गाडी मागे घेतली.

मी गेले तेव्हा नसीमा ओटीवर बसली होती. गाडीची किल्ली तिने लांब खिडकीत ठेवली होती.

"मॅडम, मला गाडी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही उगाच मला पास केलंत."

"मी नाही, आरटीओने पास केलं. आणि तुला गाडी येते."

"मग अम्मीला मी बागेत का घातलं असतं?"

"ती गाडी या वाटेची नाही, म्हणून."

"सगळे म्हणतात मोठी गाडी चालवायला सोपी. बटणं दाबली की झालं."

"हायवेवर. गडग्यात नाही."

तिला ते पटलं नाही. गाडी शिकवण्यातला सगळ्यात कठीण भाग हाच. हात एका महिन्यात शिकतो. पण एकदा घाबरलेलं मन स्वतःबद्दल जे ठरवतं ते पुसायला फार वेळ लागतो.

इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आवाज तुटत होता. नसीमाने फोन माझ्या हातात दिला.

"मॅडम, लहान गाडी घ्या म्हणताय असं ऐकलं."

"हो. ऐंशी-नव्वद घोड्यांची. अरुंद. हलकी."

"मॅडम, ऐका माझं. मी इथे असतो. तिकडे काही झालं तर मला यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. म्हणून मी सगळ्यात मजबूत गाडी घेतली. पत्रा जाड, एअरबॅग पुष्कळ, ताकद भरपूर. माझी माणसं त्यात बसली की मला झोप लागते. आणि तुम्ही म्हणता ती डबी घ्या?"

मी त्याला दिखाऊपणा समजत होते आणि निघाली ती काळजी. अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही रजेवर आलात की आपण तिघं बसून बघू. तोवर अम्मींची सोय मी करते."

आमच्या घरची एक जुनी लहान गाडी होती. बाराशे सीसीची, पेट्रोल, ऐंशीच्या आसपास घोडे, एका बाजूला पोचा आलेली. ती मी नसीमाकडे नेऊन ठेवली. पहिले काही दिवस मी शेजारी बसले. वळणाआधी ती दर वेळी गाडी पार थांबवायची. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तसं बोलले नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, उद्या तुम्ही नका येऊ. तुम्ही श्वास रोखून धरता, मला ऐकू येतं." मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी जायचं बंद केलं.

आषाढात एक दिवस सकाळपासून वारा सुटला होता. डायलिसिसचा दिवस. मी शहरातच होते, कुणीतरी येऊन सांगितलं की भाट्याच्या बाजूला मोठं झाड आडवं झालंय, रस्ता बंद. मी फोन उचलला आणि परत ठेवला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हे मीच तिला शिकवलं होतं; घेतलाच तर शिकवलेलं वाया. मी रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि दारात उभी राहिले. नेहमीची वेळ टळली. आतून सिस्टर दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. "आल्या नाहीत तर आज राहील त्यांचं," म्हणाल्या. त्या दारात उभं राहून माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

आणि मग पोचा आलेली ती गाडी फाटकातून आत आली. दरवाजांपर्यंत तांबडा चिखल. नसीमाने गाडी नीट रेषेत लावली, उतरली, मागचं दार उघडून अम्मींना हात दिला. चेहऱ्यावर काही नाही. बोलल्या त्या अम्मी.

"बाई, ही कुठनं कुठनं आली काय सांगू तुला! झाड बघितलं नि फिरली. खाडीला वळसा घालून, वरच्या गावांतनं. मला तर वाट पण ठाऊक नाय. एका घाटीत समोरून एसटी आली. मी म्हटलं, झाला आता. तर हिने गाडी पाठी नेली, पाठी नेली, पार खालच्या देवळापर्यंत. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतनं बघत रवला."

"चढावर रिव्हर्स?" मी नसीमाला विचारलं.

"उतारावर, मॅडम. मी चढत होते ना. मागे जाताना गाडी खाली खेचते." तिने मला माझाच धडा दुरुस्त करून सांगितला. "नुसता ब्रेक आणि आरसा. इंजिनाला काही कामच नव्हतं."

सिस्टर अम्मींना आत घेऊन गेल्या. मग नसीमा बाकावर बसली आणि चपलांचा चिखल बाकाच्या पायाला खरवडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चहा मिळेल का इथे?"

त्यानंतर गाडी येत नाही हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

इक्बालभाई आले ते आंब्याच्या दिवसांत. आल्या आल्या त्यांनी मला फोन केला. "मॅडम, उद्या अम्मीला मी नेतोय. मोठ्या गाडीतून. तुम्ही पण बसा. मी दाखवतो."

मी गेले. मी पुढे डावीकडे, मागे अम्मी आणि नसीमा. माणूस चालवायला उत्तम होता, हे मान्य केलं पाहिजे. पाय हलका, नजर लांब. वळण त्यांनी अलगद काढलं आणि माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात वरून पेट्या भरायला बागेत निघालेला टेम्पो खाली आला आणि नाकासमोर थांबला.

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा घाटाचा नियम. इक्बालभाईंनी हात बाहेर काढून खूण केली. टेम्पोवाला उतरून आला. आमच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा त्याने पाहिली, मग वरच्या विहिरीकडे बोट केलं.

"भाई, वर बावीजवळ मला बाजूला घेता येतं. पण तिथे तुमची गाडी माझ्या बाजूने जायची नाय. अंगाने मोठी आहे. तुमालाच पाठी जावं लागेल."

ते खरंच होतं. इक्बालभाई मागे निघाले. वळणावरून उलटं. गाडीचे सगळे सेन्सर एकदम बोंबलायला लागले. डावीकडून पीप पीप, उजवीकडून पीप पीप, पडद्यावर सगळ्या बाजू लाल. दोनशे घोडे असलेला तो गडी कपाळाचा घाम पुसत बोट बोट मागे सरकत होता. अंगणापर्यंत खाली आलो, टेम्पो गेला, पुन्हा चढलो, तोवर अम्मींची वेळ निघून गेली होती. दवाखान्यात त्यांच्या मशीनवर दुसरा पेशंट बसला होता. दुपारपर्यंत थांबावं लागलं.

बाकावर बसल्या बसल्या अम्मी मुलाला म्हणाल्या, "इक्बाल, तुझे घोडे चांगले हायत रे. पण माझा रक्त धुवायची येळ टळली, तर ते काय कामाचे?"

आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागलं असावं. इक्बालभाई उठून बाहेर गेले आणि आवारात मोठ्या गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले.

पुढच्या फेरीला नसीमाने चालवलं. पोचा आलेल्या गाडीतून. इक्बालभाई तिच्या शेजारी, मी अम्मींबरोबर मागे. आज समोरून रिक्षा आली. नसीमाने आधीच हॉर्नचा आवाज ऐकला होता. वळणाच्या जरा खाली एका घराच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणात शिरायच्या तोंडाशी, तिने गाडीचं नाक आत घातलं आणि चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरली. रिक्षा गेली. ती पुन्हा निघाली. एकदाही इंजिन ओरडलं नाही, एकदाही गाडी मागे सरकली नाही. गाडी वर मोठ्या रस्त्याला लागली तसे इक्बालभाई माझ्याकडे मागे वळले.

म्हणाले, "मॅडम, आमचं जहाज बंदरात येतं ना, तेव्हा मेन इंजिनाला काही करू देत नाहीत. छोटे टग येतात, ते ढकलत ढकलत धक्क्याला लावतात. एवढी वर्षं डोळ्यांनी बघतोय." मग ते बायकोकडे वळले. "घरी टग पाहिजे होता. मी जहाजच आणून उभं केलं."

"आता ते बोलू नका," नसीमा म्हणाली. "मी गियर बदलतेय."

नवी गाडी घ्यायला मला बरोबर नेलं. विकणारा मुलगा सगळं इक्बालभाईंना समजावत होता. सनरूफ, मोठा पडदा, अमुक सेकंदांत शंभरचा वेग. इक्बालभाईंनी त्याला थांबवलं. "ह्यांना सांगा. चालवणार ह्या."

नसीमाने एकच विचारलं, "चढ कुठे आहे इथे? चढावर उभी करून बघायचीय."

नव्वद घोड्यांची गाडी घेतली. हलकी, अरुंद, चढावर ब्रेक सोडल्यावर क्षणभर स्वतः थांबून राहणारी. एअरबॅगही इक्बालभाईंनी मोजून घेतल्या. ती त्यांची अट होती आणि ती रास्त होती. मोठी गाडी गणपतीपुळ्याच्या एका लॉजवाल्याने घेतली. त्याला कोल्हापूर-पुण्याहून माणसं आणायची असतात. त्याच्याकडे ती सुखात आहे.

द्यायच्या आधी इक्बालभाईंनी मला ती एकदा चालवायला दिली होती. हातखंब्यावरून हायवेला लागून मी चिपळूणपर्यंत गेले. खोटं कशाला बोलू, मला ती गाडी फार आवडली. मोकळा रस्ता, लांबलचक चढ, पाय नुसता टेकवला की ट्रक मागे पडायचे. जास्त घोडे वाईट असतात असं मी कधीच म्हणणार नाही. महिन्यातून चारदा घाट ओलांडणाऱ्याने खुशाल दीडशे घ्यावेत. मी रोजच्या गाडीबद्दल बोलते आहे. रोजची गाडी जिथे सगळ्यात जास्त अडते तिथली मापं घेऊन घ्यावी. आपल्या अंगणातून मोठ्या रस्त्यापर्यंतची.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. माझ्याकडे शिकलेल्या कितीतरी बायकांची लायसन्सं कपाटात पडून आहेत. बाजारात भेटतात, म्हणतात, "मॅडम, गाडी मोठी आहे हो आमची, हे म्हणतात तुला झेपायची नाही." घरात गाडी येते ती घरातल्या एकाच माणसाच्या मापाची येते. त्यांच्या नवऱ्यांना मी त्या वेळीच एकदा डाव्या सीटवर बसवायला हवं होतं असं वाटतं. पण इक्बालभाईंसारखा तिथे बसायला तयार होणारा माणूसही विरळाच.

अम्मी नंतर दोन पावसाळे जगल्या. नसीमाने एकही फेरी चुकवली नाही. शेवटच्या थंडीत एक दिवस अम्मी म्हणाल्या, "नसीमा, ह्या गाडीतनं मी दवाखान्याशिवाय कुठे गेल्येच नाय. मला एकदा नुसती फिरव." कुठे जायचं तेही त्यांनीच सांगितलं. आरेवारेच्या रस्त्याने, समुद्र बघत. मलाही बोलावलं. अम्मी हट्टाने पुढे बसल्या, मी मागे.

तो रस्ता डोंगराच्या कडेने समुद्राच्या डोक्यावरून जातो. एक खडा चढ, एक खडा उतार, पुन्हा चढ. नसीमा अम्मींना धक्का लागू नये म्हणून अंडी घेऊन निघाल्यासारखी चालवत होती. चढ संपला, वर सडा लागला. रस्ता मोकळा, सरळ, डावीकडे खाली निळं पाणी. अम्मींनी काच खाली केली, डोक्यावरची ओढणी एका हाताने धरली.

"काय गो," त्या म्हणाल्या, "एवढी हळू काय चालवतंस? मी काय आजारी हाय? जरा जोरात घे."

नसीमाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे बघायला लागले.